तायडेकाकांचा माहौल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तायडेकाकांचं औषधाचं दुकान आहे. तिथे एखादा गडी दबक्या आवाजात ‘ती’ गोळी मागायला आला, की काका आधी त्याच्या पलंगाची चौकशी करतात.

"पलंग लोखंडी हाये का लाकडी?"

"लोखंडी." गिऱ्हाईक बावरून इकडेतिकडे बघतं.

"वाजते?"

"वाजते जरासा."

"आन् बाजूच्या खोलीत कोन झोपते?"

"आई-बाबा."

"मंग गोळी काय करीन बे त्याले? नटबोल्ट कस पहिले!"

आपलाच माल न विकण्यासाठी एवढं भांडणारा दुकानदार अख्ख्या अमरावतीत दुसरा नसेल. सगळ्यांनाच ते असं परत धाडत नाहीत. पन्नाशीपुढचा असला तर "शुगर पाह्यली? बीपी पाह्यला?" म्हणून आधी डॉक्टरकडे पिटाळतात, आणि त्याने चिठ्ठी आणली तर मुकाट्याने गोळी देतात. पण जवान पोरगा दिसला की विचारतात, "सकाळी झोपीतून उठतांनी सगळं ठीक असते ना?" तो लाजत ‘हो’ म्हणाला, की काका काउंटरवर थाप मारतात. "मंग मशीन चांगली हाये, माहौल खराब हाये!"

वलगावच्या एका गिऱ्हाइकाचा माहौल काही केल्या सापडेना. तेव्हा काका खोकल्याचं औषध पोचवायच्या निमित्ताने स्कूटरवरून थेट त्याच्या घरी गेले. पाहतात तो पलंगासमोरच्या भिंतीवर त्याच्या दिवंगत वडिलांचा भला मोठा फोटो, मिशा वर, डोळे वटारलेले. काकांनी स्वतः स्टुलावर चढून फोटो बैठकीत लावला. "बुढ्यासमोर माह्याच्यानं पानीबी पेववलं नसतं," ते मला म्हणाले. त्या घरी पुढल्या वर्षी बारसं झालं. पेढे काकांकडे आले.

मी हे सगळं ऐकून हसायचो. मग माझं लग्न झालं.

मी मूळचा हिवरखेडचा, इथे शाळेवर मास्तर. दोन खोल्या भाड्याच्या. लग्नाला महिना होत नाही तोच वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले आणि मधल्या दाराला कडी नव्हती. पहिल्यांदा जमलं नाही, ते वडील ऐन वेळी खोकले म्हणून. दुसऱ्यांदा जमलं नाही, ते पहिल्यांदाची आठवण आली म्हणून. तिसऱ्यांदा तर खोकलाही नव्हता. मी स्वतःच स्वतःवर सुपरव्हिजन करत बसलो होतो. माझी बायको सुषमा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

शेवटी एका दुपारी दुकानात कोणी नाही असं पाहून मी गेलो. काकांनी मला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही हसले नाहीत.

"पंधरा दिवस बंदी," ते म्हणाले. "काईच कराचं नाई. बोला, फिरा, हात धरा. त्याच्यापुढं गेला तं माह्याशी गाठ हाये. आन् बंदीचं तिले सांगून ठेव."

वडिलांना हलवायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. डॉक्टरांनी डोळा बरा झाल्याचं सांगितल्यावर काका घरी आले आणि मोर्शीची संत्र्याच्या बागांची हवा आता कशी मानवेल यावर तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी वडील आपणहून मोर्शीच्या आत्याकडे निघाले.

बंदीची गोष्ट सांगितली तेव्हा सुषमा पदर तोंडाला लावून इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. कित्येक दिवसांनी आम्ही एकत्र हसत होतो. बंदी नवव्या दिवशी मोडली. सकाळी दुकानावरून जाताना मी मान खाली घातली होती, तरी काका ओरडलेच, "तोडला का रे कानून? बह्याड!" आणि चहा मागवला.

गेल्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "मास्तर, अकोल्याले एक लग्न हाये. एकट्याले जावं वाटून नाई राहिलं. चाल." मी गेलो. हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगत बसली. नवरीची आई स्वतः वाढायला आली. काकांसमोर थांबली. "तब्येत उतरली तुमची," म्हणाली. काका म्हणाले, "ऊन लय हाये ना औंदा." मी हात धुवायला गेलो आणि परत आलो, तेव्हा ती दोघं खांबाजवळ उभी राहून बोलत होती.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "त्या बाई कोण, काका?"

"माही बायको होती. दोन वर्स." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "एका खोलीत आमी सात जन. मले काईच जमे ना. मले वाटलं, मी मर्दच नाई. कोनाले इचारू? तिचं नुसकान नको म्हनून मीच तिले माहेरी धाडलं. कारन सांगतलं नाई. मंग तिनं दुसरं लग्न केलं. चांगलं झालं तिचं. मी तं औषधाचं शिकाले लागलो तवा कुठं समजलं, का मले काईच झालं नव्हतं."

"मग तुम्ही पुन्हा लग्न का नाही केलं?"

"दुसरी आवडाले पाह्यजे ना."

मग काका आपणहून म्हणाले, "तिले इतके वर्स वाटे, का थे मले पसंत नव्हती. आज सांगतलं तिले, भेलो होतो म्हनून."

"काय म्हणाल्या त्या?"

"हासली. मंग डोये पुसले. म्हने, तवाच सांगाचं होतं ना."

निघताना त्या बाईंनी जिलबीचा डबा बांधून दिला होता. तो वर फळीवर ठेवतो, म्हणून मी हात पुढे केला. काका ‘नको’ म्हणाले. बडनेरा येईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला.