जगात पहिल्यांदाच, फक्त अंबडमध्ये

रविराज शिंद्यांच्या अंबडच्या कारखान्यात पाहुणा आला की त्याला अर्धा कप चहा आणि पूर्ण गोष्ट मिळे. यंत्रांच्या सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून लावायचं एक पिवळं, तेलकट रसायन तिथे तयार होई. ते रविराजने म्हणे स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. 'जगात पहिल्यांदाच' हे शब्द डब्यावर होते, माहितीपत्रकावर होते, कंपनीच्या लेटरहेडवर होते. व्हिजिटिंग कार्डावर तर ते इतके ठळक होते की फोन नंबर मागच्या बाजूला ढकलावा लागला होता.

ही गोष्ट न पटणारा माणूस जगात एकच, त्याचा सासरा, दिंडोरीचा खंडेराव. त्याचं म्हणणं, रसायन आपलं. लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला, जावयाला चांदीचं ताट द्यायची ऐपत नव्हती, म्हणून अनारशांखाली वहीचं एक पान सरकवलं आणि त्या पानावर कृती लिहून दिली. वीस वर्षं हे गाऱ्हाणं त्याने प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदोन दहाव्यांनासुद्धा मांडलं. रविराजचं उत्तर ठरलेलं होतं. मामांनी अनारसे दिले होते, छान खुसखुशीत होते. त्याखाली पान? असेल केळीचं.

तर २००८च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. निम्मा माल हेच गिऱ्हाईक उचलत असे. पत्रातलं काही कळेना, म्हणून रविराजने मंजुषा देवरेंना बोलावलं. या सटाण्याच्या बाई रसायनांच्या सरकारी कागदपत्रांचं काम करायच्या, आणि समोरचा माणूस फुगलेला असला की त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा.

"युरोपात नवा कायदा आलाय," त्या म्हणाल्या. "तिकडे पूर्वीपासून चालत आलेलं, जुन्या यादीतलं रसायन असेल, तर एक डिसेंबरच्या आत नाव नोंदवायचं. नवीन असेल तर आधी मासे, उंदीर, पाणी, माती, सगळ्यांवर चाचण्या. तुमचा अख्खा कारखाना विकला तरी पुरायचं नाही."

"मग आपलं जुनंच आहे," रविराज ताबडतोब म्हणाला.

मंजुषाताईंनी टेबलावरचा डबा उचलून त्याच्याकडे फिरवला. रविराजने त्यावरचे शब्द असे वाचले, जणू कुणी शेजाऱ्याने येऊन छापले होते.

कृती बघून त्यांनाही ते जुनंच वाटत होतं. पण 'हे पूर्वी जगात कुठेही नव्हतं' असं लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, दर वर्षी त्या गिऱ्हाइकाला कळवलेलं. आता नुसतं 'वाटतं' चालणार नव्हतं. तुम्ही ते कुणाकडून शिकलात, त्याने कुठून घेतलं, तो माणूस आणा आणि लेखी आणा, असं सांगून त्या गेल्या.

रविराजने रात्रभर छताकडे बघितलं. सकाळी पेढे घेतले, बायकोला, म्हणजे उज्वलाला, गाडीत बसवलं आणि दिंडोरी गाठली.

ओसरीवर बसून त्याने खाली मान घालून सांगितलं, "मामा, ते रसायन तुमचंच."

खंडेरावाचे डोळे भरून आले. पण नुसत्या डोळ्यांवर भागेना. त्याने द्राक्षाची फवारणी थांबवून शेजारच्या चिमाजीला आणि पुंजाला बोलावून घेतलं आणि जावईबापूंना पुन्हा सांगायला लावलं. पुंजा उशिरा आला, म्हणून आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला रविराज अडखळला तर उज्वलानेच पुढचं वाक्य पुरवलं.

मग रविराजने कागद पुढे केला आणि सही मागितली. खंडेरावाने पेनचं टोपण परत लावलं.

"नाय, जावईबापू. धोंड्यात जावयाला दिलेलं वाण परत घेत नसत्यात. ते तुमचंच."

"अहो मामा, माझ्यात तेवढी अक्कल कुठली?"

"असं कसं? लय अक्कल हाय तुम्हाला."

"नाही हो. कुणालाही विचारा."

चिमाजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं त्याने बरोबर याच्या उलट ऐकलं होतं. जावई जितका खाली वाकेल तितका सासरा त्याला वर उचलू लागला. शेवटी खंडेरावाने जाहीर केलं की आजपासून प्रत्येक लग्नात आपण स्वतः सांगणार, शोध जावयाचा, जगात पहिल्यांदाच.

रविराजच्या तोंडातला पेढा तिथेच थांबला. तेव्हा उज्वला पुढे सरकली. "नाना, एक तारखेच्या आत हा कागद गेला नाही तर कारखान्याला कुलूप. अठरा माणसं घरी. मीही इथेच येईन राहायला, यांना घेऊन."

पहिल्या दोन गोष्टी खंडेरावाने धीराने ऐकल्या. तिसरीला त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"लिहून दिलं असतं," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "पण खोटं व्हईल. ते माझं बी नाय."

 मग कळलं ते असं. खंडेराव सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होता, तेव्हा परदेशी यंत्राबरोबर गंज रोखायच्या रसायनाचं एक पिंप आलं. कामाचं संपल्यावर तळाशी थोडं पिवळं उरलं. ते त्याने प्रयोगशाळेतल्या साहेबाला चहा पाजून पाजून ओळखून घेतलं, कृती वहीत उतरवली, आणि पिंप भंगारात घेऊन घरी आणलं.

"ते पिंप कुठंय?" रविराज उभाच राहिला. खंडेरावाला आठवेना. दोघांनी गोठा पाहिला, पंपघर पाहिलं, चिमाजीचंसुद्धा घर पाहिलं.

बयाबाई, रविराजच्या सासूबाई, इतका वेळ आतून ऐकत होत्या. त्या माजघरात गेल्या आणि गव्हाच्या पिंपाचं झाकण घेऊन आल्या. त्यावर तीस वर्षांचं पीठ आणि दर दसऱ्याचं हळदकुंकू बसलं होतं. त्यांनी काथ्याने घासलं तशी पत्र्यात ठोकलेली अक्षरं वर आली. जर्मन कंपनीचं नाव, रसायनाचं लांबलचक नाव आणि १९७६.

रविराजने एकेक अक्षर फोनवर वाचून दाखवलं. मंजुषाताईंनी यादी चाळली. कृतीशी नाव जुळत होतं आणि यादीत ते होतं. झाकण तसंच घेऊन या म्हणाल्या.

मुदतीच्या तीन दिवस आधी नोंदणी झाली. गिऱ्हाइकाने आभार मानले आणि डब्यावरची ती ओळ काढायची विनंती केली. अठरा माणसं दोन दिवस मार्कर घेऊन 'जगात पहिल्यांदाच' काळं करत बसली होती.

आता शोध दोघांचाही नाही म्हटल्यावर सासरा-जावयाचं भांडण मिटायला हवं होतं. महिनाभर मिटलंही. संक्रांतीला तिळगूळ घेता घेता रविराज पाहुण्यांना म्हणाला की झाकणाची आयडिया मुळात माझी. खंडेराव तिळगूळ खाली ठेवून म्हणाला, पिंपाचं नाव पयलं कुणी काढलं?

झाकण सध्या रविराजच्या केबिनमध्ये फ्रेममध्ये आहे. बयाबाई दोघांनाही काही बोलत नाहीत. फोन आला की तेवढं विचारतात, झाकण कधी आणताय, गव्हाला सोंडे लागलेत.