बाहुला कुणाच्या पोटात?

रोस्काचा शेवटचा तुकडा संपला तरी आतला बाहुला काही सापडला नाही, आणि नेमकं त्याच वेळी एवारिस्तोचं पोट दुखायला लागलं.

सहा जानेवारीच्या या गोल, गोड पावात बोटाच्या पेराएवढा बाळ येशू लपवलेला असतो. तो ज्याच्या तुकड्यात निघेल, त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्या गोतावळ्याला तमाले खाऊ घालायचे. म्हणजे मक्याचं पीठ मळा, मिरच्या वाटा, कणसाच्या पानांत एकेक पुडी बांधा, उकडा, आणि वर "यंदा मीठ कमीच हं" हेही ऐकून घ्या. त्यात एवारिस्तो न्हावी जातिवंत चिक्कू. केस कापून झाले की गिऱ्हाइकाला आरसासुद्धा ओझरताच दाखवायचा, झिजेल म्हणून.

"जावईबापू, खरं सांगा," सासूबाई क्लेओफास बोट रोखून म्हणाल्या, "गिळलात ना?"

"सासूबाई, कळ येतेय हो पोटात!"

"येणारच. आत बाळ रांगतोय."

"गॅस असेल," बायको एर्मेलिंदा म्हणाली. "सकाळी घेवडा किती हाणलास!"

"पित्ताशयात खडा असणार," मेव्हणा वेन्सेस्लाओ म्हणाला. "आमच्या साहेबांना झाला होता. असेच पिवळे पडले होते."

"काही नाही, अन्न चिकटलंय आतड्याला," सासूबाईंनी निकाल दिला. "व्हा पालथे." त्यांनी पोटापाठीला तेल चोळून पाठीची कातडी चिमटीत धरून ओढली. कातडी कट्‌ वाजली की दुखणं सुटतं म्हणे. कातडी वाजली नाही, एवारिस्तो मात्र वाजला.

"बघा! बाहुला आडवा आलाय!"

थोड्या वेळानं त्याला उलटी झाली. झाडून सगळे घमेल्यावर वाकले.

"नाही दिसत," मेव्हणा म्हणाला.

"खाली गेला असेल," सासूबाई म्हणाल्या.

एवारिस्तोला पोटापेक्षा हेच जास्त लागलं. चिक्कू म्हणा, कबूल. पण बाळ येशू गिळणारा? अशा न्हाव्याच्या वस्तऱ्यापुढे उद्या मान कोण देणार?

सकाळपर्यंत तो कमरेत वाकला. मेव्हण्याच्या गाडीतून सगळी वरात दवाखान्यात पोचली.

"डॉक्टर, यांनी बाहुला गिळलाय," सासूबाईंनी दारातूनच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं आणि हात पटकन उचलला. एवारिस्तो किंचाळला. "आधी बेंबीपाशी दुखत होतं? मग उजवीकडे खाली सरकलं?"

"अगदी!"

"पोट चोळलं का कुणी?"

सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

सोनोग्राफी झाली. "अपेंडिक्स सुजलंय. ऑपरेशन आत्ताच करावं लागेल."

"आणि बाहुला?" एवारिस्तो धडपडत उठला. "मोठ्यानं सांगा, डॉक्टर, बाहेरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

"बाहुला कुठेही दिसत नाही."

"ऐकलंत? अपेंडिक्स! माझं स्वतःचं अपेंडिक्स!" ऑपरेशनचं नाव ऐकून इतका खूश झालेला माणूस त्या दवाखान्यानं पाहिला नव्हता.

सासूबाईंना मात्र गहिवरून आलं. "उगाच बोलले हो माझ्या लेकराला!" म्हणत त्यांनी शालीच्या पदराची गाठ सोडली आणि त्याच पदरानं जावयाचं कपाळ पुसायला वाकल्या. टप्‌कन काहीतरी त्याच्या छातीवर पडलं.

बाळ येशू. अंगाला अजून साखर चिकटलेली.

एवारिस्तोनं बाहुला अलगद उचलला.

"सासूबाई, हा कुठून रांगत आला?"

"तमाले करताना गुडघे धरतात हो," सासूबाई पुटपुटल्या. "दरवर्षी मेला माझ्याच तुकड्यात निघतो."

"लाल मिरचीचे करा!" स्ट्रेचर निघालं तसा तो मूठ उंचावून गरजला. "हिरव्या मिरचीचे पण! आणि मीठ बेतानं!" ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्सला त्याच्या मुठीतून बाहुला सोडवून घ्यावा लागला.

दोन फेब्रुवारीला सासूबाईंनी पहिलं ताट जावयाला वाढलं, आणि तमाले खरोखरच फक्कड झाले होते. तो बाहुला आता एवारिस्तोच्या दुकानात, हातातल्या आरशाच्या दांड्याला बांधलेला असतो. केस कापून झाले की तो गिऱ्हाइकाला आरसा दोन्ही बाजूंनी दाखवतो, आणि गिऱ्हाईक "हे काय?" असं विचारेपर्यंत खाली ठेवत नाही.