दादांच्या गिटारीचं वायंडिंग

"हिंगोली जिल्ह्यात अशी मोटार न्हाई ताई, जी उकंडरावच्या हाताखालून गेली न्हाई! हे तर काय, गाण्याचं लाकूड!"

असं म्हणून मोटारी दुरुस्त करणाऱ्या उकंडरावनं गिटार टेबलावर आडवी केली. वैष्णवीनं ती परत उचलायला हात पुढे केला. पण सेनगावात दुसरं होतं कोण? चार वाजता तिच्या वडलांच्या, दादांच्या, वर्षश्राद्धाचा कार्यक्रम. आईनं वर्षभरात एकच मागणं केलं होतं, ह्यांची गिटार एकदा कानावर पडू दे. दादांच्या ऑर्केस्ट्रातले तातेरावकाका ती वाजवणार होते. सकाळी अॅम्प्लिफायरला जोडून पाहिली, तर गिटार मुकी!

गिटार साधी नव्हती. सोळा इंच रुंद, सव्वातीन इंच जाड, पुढची फळी टम्म फुगलेल्या भाकरीसारखी आणि आत पोकळ. तारांखाली साबणाच्या वडीएवढा पिकअप. तारांची थरथर पकडून भोंग्यापर्यंत पोचवायची, हे त्याचं काम.

वैष्णवी एसटीडी बूथवरून काकांना चारची वेळ कळवून आली. दहा मिनिटंही झाली नसतील. पाहते तो पिकअपमधली केसाहून बारीक तार टेबलावर जावळासारखी पसरलेली!

"उकंडराव! हे काय केलंत?"

"जुनं वायंडिंग उपटलं. मोटार आली की आधी तेच करतो आमी."

"आधी तपासायचं नाही का?"

"तपासायचं काहून? जळल्याबिगर कोण आणून राहिलं इथं?"

तसली तार त्याच्याकडे नव्हतीच. "पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीची घालतो. लाईट कमीजास्त झाली तरी जळणार न्हाई."

"अहो, गिटारीला लाईट लागतच नाही!"

"मग तर सवालच मिटला!"

दोन वाजता पिकअप भरताच्या वांग्याएवढा झाला. खाचेत शिरेना. उकंडरावनं करवत उचलली.

"फळी अर्धा इंच कापतो. नसता पोटातून बसवतो. एवढं मोठं पोट, अन् आत नुसती हवा!"

वैष्णवी आडवी आली. "खबरदार, दादांना हात लावाल तर!" मग ओशाळून म्हणाली, "म्हणजे... गिटारीला."

शेवटी तारेचे चार थर उलगडले, तेव्हा पिकअप कसाबसा बसला.

चार वाजता ऑर्गन वाजला, ढोलक वाजला, तातेरावकाकांची बोटं भराभर पळायला लागली. वैष्णवीनं भोंग्याला कान लावला. गिटारीचा एक सूरसुद्धा नाही! ती वाकून काकांपाशी गेली.

"काका, थांबा! आवाजच येत नाही!"

काकांची बोटं थांबली नाहीत. "येणार कुठून, पोरी? ब्याण्णव सालीच मी आतली वायर कापली व्हती."

"तुम्ही?"

"तुझा बाप विश्वंभर लई दिलदार माणूस. पण सुराशी त्याचं जन्माचं वाकडं! तोंडावर सांगायची हिंमत न्हाई झाली कुणाची."

"आणि दहा वर्षं दादांना कळलं नाही?"

"पोकळ गिटार, छातीला टेकलेली. त्याला बराबर ऐकू यायची. बाकी कुणाला नको व्हती."

पुढच्या रांगेत आई पदरानं डोळे पुसत होती. शेजारच्या रुक्माबाईंना मोठ्यानं म्हणाली, "ह्यांचाच आवाज, बाई! एका सुराचा फरक न्हाई!"

वैष्णवी आईपाशी जाऊन बसली.

आणि आईचं बोलणं ऐकून मागच्या रांगेत उकंडराव उभा राहिला, आणि चारी बाजूंना वळून वळून त्यानं लोकांना नमस्कार केला!