दाखवायचा निकाल

निकाल कसा लावावा हे मला कुणी शिकवायला येऊ नये! एकोणतीस वर्षं मी मोरावेक या आमच्या छोट्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते आहे, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं दुहेरी क्रेडिटचा वर्ग माझ्याकडे आहे. म्हणजे बारावीची पोरं आमच्याच वर्गात बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं इंग्रजी उरकून टाकतात. निबंध तोच, मॅडम तीच, पण ग्रेड दोन ठिकाणी जाते. एक शाळेत आणि एक चाळीस मैलांवरच्या कॉलेजात. शाळेची ग्रेड आई फ्रीजवर चिकटवते. कॉलेजची ग्रेड जन्मभर पाठ सोडत नाही.

नऊ वर्षांत माझ्या वर्गात कुणालाही 'बी'च्या खाली मिळालं नाही. एकालाही नाही! गावात शिरताना पाण्याच्या टाकीखाली पाटी आहे: 'आमची मुलं कॉलेजचा अभ्यास करूनच शाळा सोडतात!' त्यातलं अर्धं तरी खरं होतं. शाळा सोडत होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजातून पत्र आलं. आमचे मुख्याध्यापक ड्युएन प्रूइट ते हातात धरून माझ्या वर्गात आले. हे गृहस्थ बावीस वर्षं फुटबॉलचे कोच होते, म्हणून सगळं गाव अजून त्यांना कोचच म्हणतं. तेही शाळा मैदानासारखीच चालवतात, फक्त शिट्टी खिशात असते.

"वर्लीन, वाच."

मी वाचलं. 'आमच्या स्वतःच्या वर्गात दर तीन मुलांमागे एक नापास होतो. आपल्याकडे नऊ वर्षांत एकही नाही. हे कसं साधतं ते समजून घेण्यासाठी आमचे डॉ. लिंडक्विस्ट मंगळवारी येत आहेत.'

"अय्या, कौतुक करायला येतायत!"

"वर्लीन, असं कौतुक मी पंचांच्या तोंडून ऐकलंय. त्यानंतर जिंकलेला सामना काढून घेतात." कोच पोरांच्या बाकावर बसले. बाक कुरकुरला. "हा वर्ग बंद झाला तर ती पाटी मला स्वतःच्या हातांनी उतरवावी लागेल."

"एवढंच ना? त्यांना कडक हवंय, तर आपण कडक दाखवू!"

माझी योजना इतकी सोपी होती की ती फसूच शकत नव्हती. खरा निकाल माझ्याकडे तयार होता: आठ 'ए', चार 'बी'. तो मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजात पोचवायचा होता. तेच बारा निबंध मी माझ्या शेऱ्यांशिवाय पुन्हा छापून घेणार, कॉलेजच्या नियमांप्रमाणे लाल शाईनं तपासणार आणि तो दुसरा निकाल साहेबांसमोर ठेवणार. साहेब खूश होऊन गेले की खरा निकाल पाठवायचा. कुणाचं काय गेलं?

शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. समोर नवरा, एमिल, अक्रोडासारखे पेकान फोडत होता. पहिला निबंध कोल्बी वीक्सचा.

"ऐक," मी म्हणाले. "'माणूस इतिहासाच्या सुरुवातीपासून आहे.'"

"मग त्यात चूक काय?"

"चूक काहीच नाही. पुढची चार पानंही अशीच आहेत, त्यांतही चूक काही नाही."

'एफ' दिला. म्हणजे साफ नापास! पहिला जरा जड गेला, दुसरा 'एफ' सहज दिला. तिसऱ्याला तर मजा वाटायला लागली. एकोणतीस वर्षं गिळलेलं सगळं लाल शाईतून बाहेर येत होतं. 'मुद्दा काय?' 'कशावरून?' 'हे वाक्य नव्हे, हा अपघात आहे!'

शेवटी डेलफिना ऑर्टेगॉनचा निबंध हातात आला. ही माझ्या वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी. तिची आई सोकोरो आमच्या शाळेच्या भोजनगृहात वाढायला असते. डेलफिनाला नर्सिंगला जागा मिळाली होती, अट एकच: या इंग्रजीत निदान 'सी' हवा. तिनं आजीच्या डायलिसिसवर लिहिलं होतं, आणि आमच्या अख्ख्या तालुक्यात त्यासाठी एक नर्स कशी नाही त्यावर. पहिल्यांदा वाचून मी रडले होते आणि वर लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी आलं! ए!' आता कॉलेजचा कागद शेजारी ठेवून वाचलं. पुरावा? नाही. आकडे? कुठून घेतले त्याचा पत्ता नाही. दोन परिच्छेद तर दुसऱ्या कुणाचे जसेच्या तसे उतरवलेले, त्याचं नावही नाही.

मी 'डी' लिहिला. नाटकच तर होतं!

सोमवारी वर्गाला सगळं समजावलं. "उद्या पाहुणे विचारतील. तुम्ही सांगायचं, कुबेना मॅडम फार कडक आहेत."

"किती कडक, मॅडम?" कोल्बीनं विचारलं.

"बेताच्या!"

मंगळवारी डॉ. लिंडक्विस्ट आले. उंच, हडकुळे, कुदळीच्या दांड्याला कोट घातल्यासारखे. त्यांनी कोल्बीला विचारलं, "मॅडम कशा शिकवतात?"

"साहेब," कोल्बी म्हणाला, "मी घरी गेलो की कपाटात बसून रडतो."

"माझे केस गळाले," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या कुत्र्यालाही आता या निबंधांची भीती वाटते," कोल्बीनं भर घातली. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा अश्रू गालावरच थांबला. पण साहेब चक्क हेलावले होते! पाऊण तास त्यांनी लाल शाईचे निबंध वाचले. दोन 'बी', तीन 'सी', दोन 'डी', पाच 'एफ'. मग चष्मा काढला.

"मिसेस कुबेना, मी वेगळ्याच अपेक्षेनं आलो होतो. माफ करा. इतकी प्रामाणिक तपासणी मी फार वर्षांत पाहिली नाही."

मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. शेंड्यापर्यंत चढले!

"हा अंतिम निकाल ना?"

"अंतिम!"

"मग सही करा. आज पाचची मुदत आहे, मी जाताना कार्यालयात देतो. तुमची फेरी वाचेल."

मागे कोच शिट्टी गिळल्यासारखे खोकले. पेन माझ्या हातात होतं. काय म्हणणार होते मी? की साहेब, हा तुम्हाला फसवायचा निकाल आहे, खरा खणात आहे? मी सही केली. अक्षर मात्र सुरेख आलं.

"उद्या फोन करू," गाडी वळताच कोच म्हणाले. "चूक झाली म्हणू. चुका सगळ्यांच्याच होतात."

बुधवारी फोन केला. नोंद झाली होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाराही जणांचे फोन एकदम वाजले.

कोल्बी फोन नाचवत आला. "मॅडम, नाटक भारी झालं! हे बघा, एफ! हे पुसतात कधी?"

डेलफिना रांगेत ताट घेऊन उभी होती. पलीकडे तिची आई, हातात बीन्सचा डाव.

"मॅडम, इथे डी लिहिलंय."

"अगं, ते दाखवायचं होतं. उद्या बदलेल."

"नक्की?"

"नक्की!"

"ऐकलंस ना, आई?" ती म्हणाली. सोकोरोनं डाव खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मिसेस, उद्या म्हणजे शुक्रवारी?"

शुक्रवारी मी चाळीस मैल गाडी हाकत कॉलेजात गेले. साहेबांनी एक फॉर्म पुढे केला. 'ग्रेड बदलण्याचं कारण.'

"टायपिंगची चूक," मी म्हणाले.

"बाराही ठिकाणी?"

"नजरचूक."

"निबंधांवर तुमच्याच हातचे तीन-तीन ओळींचे शेरे आहेत, मिसेस कुबेना."

मग मी सगळं सांगितलं. सगळं! खणातला निकाल, कोच, पाटी, कोल्बीचा अश्रू. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते कागद एका रेषेत लावत बसले.

"एक मार्ग आहे," शेवटी म्हणाले. "आमचे दोन शिक्षक हे निबंध नावं झाकून वाचतील. त्यांचं मत तुमच्या मूळ ग्रेडशी जुळलं तर बदलू."

"वाचा! खुशाल वाचा!" मी म्हणाले. खरंच म्हणाले तसं! माणूस स्वतःच्या थापेवर इतका विश्वास कसा ठेवतो कोण जाणे. परत येताना मी बाराही घरी थांबले, बाराही दारांत सांगितलं की काळजी नको. सोकोरोनं मला बळेच कॉफी पाजली.

दहा दिवसांनी कोचनी पाकीट फोडलं. पाचही 'एफ' कायम. दोन्ही 'डी' कायम. एका 'सी'चा 'डी' झाला होता आणि एका 'बी'चा 'सी'. खाली एक ओळ: 'शिक्षिकेची तपासणी योग्य, किंचित उदार.'

"पंचांनी पुन्हा पाहिलं," कोच हळूच म्हणाले. "निर्णय कायम." यावेळी त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही.

डेलफिना दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आली. वर्ग रिकामा होता. तिनं दोन निबंध माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. एकावर डोळ्यांतलं पाणी, एकावर लाल शाई.

"मॅडम, यातला खरा कुठला?"

मी लाल शाईकडे बोट केलं.

"मग हा?"

"तू आजीबद्दल लिहिलं होतंस गं."

"पण तेव्हा तुम्हाला कळलं होतं? पुरावा नाही, उतरवलंय वगैरे?"

"थोडं."

"पहिल्या निबंधापासून?"

मी मान हलवली, हो म्हणून. एकोणतीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच.

"नर्सिंगवाल्यांचं पत्र आलं," ती म्हणाली. "जागा दुसऱ्याला दिली. आई म्हणते ठीक आहे. ती तीन दिवस ठीक आहे म्हणतेय." तिनं निबंध गोळा केले. "मला वाटायचं मला लिहिता येतं."

"येईल! उन्हाळाभर रोज ये. मी शिकवते, अगदी पहिल्यापासून."

ती दारापाशी थांबली. रागानं बोलली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी समजुतीनं बोलली, आजारी माणसाशी बोलावं तशी.

"नको मॅडम. तुम्ही नको. तुम्हाला मी आवडते."

उन्हाळ्यात ती आईचा पिकअप घेऊन रोज चाळीस मैल जाऊन कॉलेजातल्या वर्गात बसली, तिला कुणीच ओळखत नव्हतं तिथे. 'सी' मिळाला. नर्सिंगची जागा पुढच्या वर्षीच, तीही मिळाली तर. हे मला कोचकडून कळलं. सोकोरो मला वाढते, पण ताटाकडे बघून.

पाच 'एफ'वाल्यांपैकी दोघांनी कॉलेजचा नाद सोडला. त्यातला एक कोल्बी. तो आता सरकी काढायच्या गिरणीत लागलाय. पेट्रोल पंपावर भेटला तेव्हा हसत म्हणाला, "मॅडम, बरं झालं. उगाच चार वर्षं गेली असती, मग कळलं असतं." त्याला सांगायला हवं होतं की एक निबंध म्हणजे माणूस नव्हे, पुन्हा बस. मी टाकी भरली आणि निघाले. शब्द सापडले तेव्हा घर आलं होतं.

वर्ग बंद झाला नाही. उलट कॉलेजनं कळवलं की मोरावेकचा दर्जा आता समाधानकारक आहे! पाटी अजून तिथेच आहे.

सप्टेंबरात नवी नऊ पोरं आली. पहिले निबंध मी इमाने-इतबारे तपासले. इमोजिन शुल्टे नावाची मुलगी आपला 'एफ' घेऊन टेबलापाशी आली. रडली नाही, भांडली नाही.

"मॅडम, वाईट आहे हे कळलं. आता चांगला कसा करायचा?"

मी तोंड उघडलं. चांगला कसा करायचा? नऊ वर्षं मी 'छान!' म्हणत होते, मेमध्ये एक शनिवार 'वाईट!' म्हटलं होतं. मधलं काही मला कधी लागलंच नव्हतं. "उद्या सांगते," म्हटलं आणि ती गेल्यावर बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आता दर शनिवारी मी लिंडक्विस्ट साहेबांच्या वर्गात बसते. शिक्षकांना निबंध शिकवायला शिकवतात, पण आधी स्वतः एक लिहायला लावतात. मी शाळांमधल्या दर्जावर लिहिला. जीव ओतून लिहिला, शेवटच्या परिच्छेदात माझेच डोळे भरून आले! परवा तो परत मिळाला. समासात साहेबांच्या बारीक अक्षरात: 'कशावरून?' खाली ग्रेड, 'सी उणे'.

कोचना मी 'बी' सांगितलंय.