जाडजूड तेलाची संक्रांत

भिलाईतल्या सेक्टर ६ च्या मराठी मंडळात संक्रांतीला नागपूरहून व्याख्यात्या भागीरथाबाई येत आणि त्यांना दुर्ग स्टेशनवरून आणण्याचा मान भैय्याजींच्या मोटारीचा असे. यंदा शेजारच्या विजयकुमारनं तशीच मोटार घेतली, त्याच रंगाची. अध्यक्ष म्हणाले, "सकाळी ज्याची गाडी आधी गेटवर येईल, थो जाईल." भैय्याजींना अन्न गोड लागेना.

त्यात विजयकुमारची गाडी चालू असली तरी बंद वाटायची. भैय्याजींची चालू झाली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. न राहवून त्यांनी कुंपणावरून विचारलं, "विजयबाबू, इंजनात कोनतं तेल टाकता जी?"

"झिरो डब्ल्यू ट्वेंटी. एकदम पान्यासारखं पातळ. गाडीच्या पुस्तकातच लिहिलं हाय ना!"

भैय्याजी लालबुंद होऊन घरात आले. "तारा, हा मानूस माह्या गाडीचा जीव घ्यायले बसला! म्हने, पातळ टाका!"

"अजी, पन आपल्या पुस्तकातबी थेच असन ना?"

"पुस्तक लिहिनाऱ्यायनं कधी रोलिंग मिल पाह्यली का?"

भैय्याजींनी पाहिली होती. उभा जन्म पोलाद कारखान्यातल्या त्या मिलच्या गिअरबॉक्सना तेल पाजण्यात गेला होता आणि तिथं तेल काकवीसारखं घट्ट लागे. यंत्र ते यंत्र, असा त्यांचा हिशेब. ते तडक खुर्सीपारच्या तेलाच्या दुकानात गेले.

"चाचा, ये तो ट्रक के गियर का तेल है," दुकानदार म्हणाला.

"मालूम है. दे."

अंगणात त्यांनी जुनं तेल काढलं, नवं ओतलं. ते इतकं सावकाश उतरत होतं की मध्ये चहा पिऊन झाला. कुंपणापलीकडे विजयकुमार झाडांना पाणी घालत होता. एकाच झाडाला.

कार्यक्रमाच्या दिवशी कडाक्याची थंडी. भैय्याजींनी कोट चढवून किल्ली फिरवली. नाइट शिफ्टहून आलेल्या माणसाला परत ड्युटीवर बोलवावं, तसं इंजिन कण्हलं आणि बॅटरीसकट गप्प झालं. तेवढ्यात कुंपणापलीकडूनही तस्संच कण्हणं ऐकू आलं. आपलं दुःख विसरून भैय्याजी धावले.

"बसली ना? आनखी टाका पातळ!"

"पातळ कुठलं जी!" विजयकुमार रडकुंडीला आला होता. "तुमाले डबा ओततानी पाह्यलं. म्हटलं, हा मिलचा मानूस, मले काही न सांगता गुपचूप असली माल टाकून राहिला. मीबी खुर्सीपारातून थोच डबा आनला!"

"मले इचारलं कावून नाही?"

"तुमी खरं सांगितलं असतं का?"

भैय्याजींनी विचार केला. नसतं सांगितलं.

"रेलगाडीचा टाइम झाला. चालली मी," म्हणत तारावहिनींनी स्कूटर काढली.

भागीरथाबाई हेल्मेट घालूनच सभागृहात शिरल्या. भाषणातला अर्धा वेळ त्यांनी स्कूटरवरच्या गार वाऱ्याला दिला. "इतक्या वर्षांत भिलाई आज पहिल्यांदा दिसली!" असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "आता दरवर्षी तारावहिनीच!"

शेवटच्या रांगेत भैय्याजी आणि विजयकुमार तिळगुळाचे कागद चुरगाळत बसले होते. तारावहिनी जवळ येताच विजयकुमार पुढं झुकला.

"वहिनी, स्कूटरात तेल कोनतं टाकता जी?"

"सांगू नको वं त्याले!" भैय्याजी घाईघाईनं म्हणाले, आणि मग आवाज खाली करून, "मले घरी सांग."