तुळसाबाईंचे नव्वद हजार आणि रात्रीचा झटका

“गुन्हा मले पाह्यल्याबरोबर सोताच कबूल होते,” असं हरीओम केनवडच्या बाजारात छाती काढून सांगायचा. दारावरच्या पाटीवर लाल रंगात ‘आंतरराष्ट्रीय गुप्तहेर’ असं लिहिलं होतं, म्हणजे गुप्त काही उरलंच नव्हतं. त्याची सर्वांत गाजलेली केस पोहरादेवीच्या यात्रेत हरवलेल्या चपलांची. चार तासांच्या तपासानंतर त्या सापडल्या, त्याच्याच पायात.

त्याचा एकुलता एक मदतनीस विनोद. पस्तिशी ओलांडलेला, घरी बायको-पोरं, आणि चार महिने पगार नाही.

“तुहा पगार म्या ऑनलाइन गुंतवला बे. रोज दीड टक्का वाढून राह्यला!”

“मंग थोडा काढून द्या ना, साहेब.”

“लॉक-इन हाय. मुदत संपल्याशिवाय काढता येत नाही.”

मोबाइलवरचा हिरवा आकडा विनोद रोज पाहायचा आणि चहा उधारीवर प्यायचा.

त्या सकाळी तुळसाबाई काठी टेकत आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर पिठाच्या गिरणीसाठी त्यांनी नव्वद हजार बाजूला ठेवले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं दोन महिने त्या घरात पडून होत्या, तेवढ्यात नवऱ्यानं, जगदेवरावांनी, ते पैसे उचलले.

“इचारलं तं म्हनते, हेज फंडात टाकले, तू निवांत झोप. झोप कुठली भाऊ? माह्या गिरनीचंच पीठ झालं!” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “हे हेज फंड असते तरी काय?”

“श्रीमंतायनं आपला पैसा एका हुशार मानसाच्या हवाली कराचा,” हरीओम खुर्चीत रेलला. “वाढला तं त्यानं वाटा घ्याचा, बुडाला तं नुसती फी घ्याची.”

“अन् बुडाला तं त्याचं काय बुडते?”

“काईच नाही. म्हनून तं तो हुशार.”

तुळसाबाईंनी पिशवीतून नवऱ्याची वही काढली. आत तीनच ओळी होत्या. ‘हेज – ९० हजार. शॉर्ट – ४० फूट. झटका – रात्री.’

हरीओमचे डोळे चमकले. “शॉर्ट! म्हंजे जवळ नसलेला शेअर आधी इकाचा, मंग स्वस्तात घ्याचा. लय खतरनाक खेळ!”

“अन् फूट?” विनोदनं विचारलं.

“चाळीस भागीदार होते. त्यायच्यात फूट पडली. अन् झटका रात्री काहून? अमेरिकेचा बाजार आपल्याकडं रातच्यालेच उघडते. काकू, तुमची गिरनी अमेरिकेत गेली!”

तुळसाबाईंनी वही ओढून पुन्हा पाहिली. विनोदला साहेबाचा असा संताप आला, की बस. “जगदेवकाकाले सरळ इचारू ना?”

“संशयिताले इचारनं हे अडाण्याचं काम हाय.”

मग जगदेवरावांवर पाळत ठेवायला तिघं ऑटोनं वावरात गेले. बाईंना थांबा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, पोचताच हरीओम गुप्तहेरासारखा वाकला आणि आधारासाठी त्यानं समोरची तार धरली.

“आई वो!”

हरीओम उडाला आणि पडला. त्याची पँट खालच्या काटेरी तारेत अशी गुंतली, की हलता येईना.

“अरे, चालू हाय ते!” जगदेवराव धावत आले, बटण बंद केलं. “रातच्यालेच चालू राह्यते. आज तपासून पाह्यत होतो.”

तुळसाबाईंनी चारही बाजूंना नजर फिरवली. “वावराले तार कवा लावली?”

“तुहा गुडघा बरा झाला की दाखवनार होतो. मोबाइलवर गुंतवनुकीचा क्लास पाह्यला. मास्तर म्हने, हेज म्हंजे कुंपन. आधी नुकसान अडवा, मंग नफा पाहा. मले पटलं. डुकरं दरसाल हरभरा खाते, म्हनून झटका मशीन बसवली. तार चाळीस फूट शॉर्ट पडली, उद्या येते.”

आत हरभरा घाट्यांनी लदबदला होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच. तुळसाबाईंनी एक घाटा तोडून सोलून पाहिला.

“मले न इचारता माह्या पैशाले हात लावला, हे मी इसरनार नाही,” त्या म्हणाल्या. “हरभऱ्याचे पहिले नव्वद हजार माह्या गिरनीचे. समजलं?”

जगदेवरावांनी घाईघाईनं मान डोलावली.

“साहेब,” विनोद हळूच म्हणाला, “माह्या पगाराची तार कुठं लावली? हात लावून पाह्यता येईन का?”

हरीओमनं पडल्या पडल्या मोबाइल काढला, बोटं मारली आणि त्याचं तोंड उतरलं. “पैसे काढाचे तं आधी वीस हजार भरा म्हनते बे...”

पगार बुडाला, हे विनोदला समजलं. तो जगदेवरावांकडं वळला. “काका, राह्यलेले खांब गाडाले मानूस पाह्यजे का?”

“पाह्यजे ना. पाचशे रोज, संध्याकाळी हातात.”

विनोदनं कुदळ उचलली.

“अबे विनोद, मले तं सोडव!”

“लॉक-इन हाय, साहेब,” विनोद चालता चालता म्हणाला. “मुदत संपल्याशिवाय काढता येत नाही.”