साहेबांच्या नावाने

"दहा मिनिटांचं काम!" सर्व्हरताईने जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या.

नकाशे छापणाऱ्या त्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारी ती एकटीच. अडचण होती निवृत्त नकाशेकाकांची. त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर येणारे मेल हा सर्व्हर त्यांच्या घरच्या मेलवर पुढे धाडायचा. पण पलीकडचा सर्व्हर ते दारातच अडवायचा. पत्र एकाचं, आणलं दुसऱ्याने, म्हणजे लबाडीच! आणि काका तर हॉस्पिटलच्या मेलकडे डोळे लावून बसलेले. हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख यायची होती. काकांसाठी ताई काहीही करायला तयार. डोंगराची एक कड चुकली म्हणून अख्खा नकाशा नव्याने काढणारा माणूस तो!

उपाय सोपा होता. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता ऑफिसचा घालायचा, आतल्या पत्रावरचं नाव तसंच ठेवायचं. ताईने घाईत दोन्ही बदललं. वर चाचणीसाठी घातलेला साहेबांचा पत्ता काढायला विसरली. मेल धडाधड पोचू लागले, सगळे साहेबांच्या नावाने!

दुसऱ्या दिवशी साहेबांना काकांचा मेल आला: 'आपण विचारल्याप्रमाणे, पायाचं माप नऊ.'

"ताई, काकांना काय झालंय?"

"वय झालं, साहेब," ताई हळहळली.

बुधवारी सकाळी काका ऑफिसात हजर! जन्मभर कडक इस्त्रीत वावरलेला माणूस, ढगळ पायजम्यात! मागे पिशवी घेऊन काकू.

"साहेब, आपला लेखी हुकूम," काका म्हणाले. "'बुधवारी नऊ वाजता उपाशीपोटी, सैल कपड्यांत, जबाबदार व्यक्तीसह यावे.'"

"अहो, का म्हणून विचारायचं तरी!"

"लेखी हुकुमाला? कधी विचारलंय?"

"मी म्हटलं, चार घास खाऊन जा," काकू फणकारल्या. "तर म्हणे, साहेबांनी विचार करूनच लिहिलं असेल!"

ताई पांढरीफटक पडली. "साहेब, हा हुकूम हॉस्पिटलचा आहे! आज ऑपरेशन आहे काकांचं!"

साहेबांनी स्वतः गाडी काढली. मागच्या सीटवरून काका शांतपणे सांगत होते, "हे वळण सोडा. पुढची गल्ली घ्या, तिथून दवाखान्याचं मागचं दार." एक वळण चुकलं नाही. पोचले तेव्हा नर्स त्यांचं नाव खोडायला पेन शोधत होती!

ऑपरेशन झकास झालं. ताईने सर्व्हर दुरुस्त केला. चार दिवसांनी काकांचा फोन.

"ताई, घोळ अजून आहे बरं का. साहेबांच्या नावाने मेल आलाय. 'काका, तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही. घाई करू नका, आराम करा.' आता साहेब असं लिहितील? हॉस्पिटलचाच असणार!"

ताईलाही पटलं. तिने दिवसभर सर्व्हर उलटापालटा करून तपासला.

सर्व्हर ठणठणीत होता.